तपासणाऱ्याचा रकाना

बोईसरच्या आमच्या सागरदीप सोसायटीत गेल्या वर्षी एक भिंत फार गाजली. बी विंग, तिसरा मजला, तीनशे दोन. बातमी अशी होती की तिथल्या प्रियाताईने नवऱ्यावर करणी केली आणि बेडरूमच्या उत्तरेच्या भिंतीत नारळ पुरला. म्हणून नवरा घर सोडून गेला, म्हणून ती भिंत बारमाही घाम गाळते, आणि म्हणूनच तो फ्लॅट काही केल्या विकला जात नाही. ए विंगमध्ये पोचेपर्यंत एका नारळाचे दोन झाले. बातमी वॉचमनकडे गेली तेव्हा त्यात नवऱ्याचा शर्टही पुरलेला होता. "निळ्या चेक्सचा," असं तो स्वतः शिवून दिल्यासारखा सांगायचा.

भांडी घासायला येणाऱ्या नवसीने ही बातमी थेट प्रियाताईच्या ओट्यापाशीच आणली.

"ताय, लोकां सांगतात, तुमी भितीत नारल पुरलाय."

"कुठल्या भिंतीत?"

"त्या वल्या भितीत."

"किती खोल?"

नवसीचा हात कढईतच थांबला. "त्यां कोन नाय सांगत."

"मग विचारून ये. किती खोल, कुठल्या तारखेला आणि पाहिलं कुणी. तिन्ही मिळालं तर लिहून ठेवू."

नवसीला वाटलं, ताई मस्करी करतेय. मस्करी नव्हती. भिंतीत नारळ असता, तर प्रियाताईने, म्हणजे प्रियदर्शिनीने, तो खरंच लिहून ठेवला असता.

आता खरं सांगायचं तर बातमीत तीन गोष्टी बरोबर होत्या. भिंत ओली होती, नवरा गेला होता आणि फ्लॅट विकला जात नव्हता. पण लोक त्याला पुढे जोडायचे, की प्रियदर्शिनीला तो विकायचाच नाही, ती गिऱ्हाइकं मुद्दाम पळवून लावते, हे मात्र साफ चूक. तो फ्लॅट विकला जावा म्हणून तिच्याइतकं घायकुतीला दुसरं कुणी आलं नव्हतं. फक्त तिचा चेहरा असा की घायकुती असो की डुलकी, बघणाऱ्याला फरक कळत नसे.

तारापूर एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात प्रियदर्शिनी सतरा वर्षं क्यूसीत आहे, म्हणजे तयार माल तपासून पास की नापास ते ठरवणाऱ्या खात्यात. त्या खात्याचे नियम तिच्या हाडात मुरलेत. डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं आणि तेव्हाच लिहायचं. चुकलं तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. एकच आडवी रेघ, खालचा शब्द वाचता येईल अशी, आणि बाजूला सही-तारीख. मागची तारीख टाकायची नाही. ज्याने काम केलं त्याने 'केले'च्या रकान्यात सही करायची आणि दुसऱ्या माणसाने बघून 'तपासले'मध्ये. दोन्ही सह्या एकाच माणसाच्या चालत नाहीत.

इंद्रजीत तिला तिथेच भेटला. तो अकोल्याचा, प्रॉडक्शनला. प्रॉडक्शनवाल्यांना माल आज गाडीत भरायचा असतो आणि क्यूसीवाल्यांना तो उद्या तपासायचा असतो, त्यामुळे दोन्ही खात्यांत रोज काचेच्या खिडकीतून बाचाबाची.

"मॅडम, बॅच सोडा ना. गाडी उभी आहे."

"रीडिंग आलं नाही."

"येऊन जाईल ना बाप्पा! रीडिंग काय पळून राह्यलं का?"

"मग गाडी तरी कुठे पळतेय?"

इंद्रजीत त्या खिडकीशी उभ्या-उभ्या हसला, आणि पुढल्या महिन्यात चार वेळा कारण नसताना तिथे आला. लग्न झालं. सागरदीपमध्ये दोघांच्या नावावर फ्लॅट घेतला. गृहप्रवेशाच्या दुसऱ्या दिवशी प्रियदर्शिनीने स्वयंपाकघराच्या दारामागे खिळा ठोकला आणि त्याला एक जाड रजिस्टर लटकवलं. तारीख, काय दिसलं, कारण, उपाय, केले, तपासले. घराचं रजिस्टर.

इंद्रजीतला आधी गंमत वाटली. त्याचं अक्षर टपोरं, रेघेबाहेर सांडणारं. 'नोंद ३. किचनचा नळ गळतो. वायसर बदलला. केले – इं. तपासले – प्रि.' 'नोंद ११. इं. यांनी केलेली वांग्याची भाजी खारट. कारण – मीठ दोनदा. उपाय – दही. केले – इं. तपासले – प्रि.' तिसऱ्या वर्षातली सव्विसावी नोंद तिच्या बारीक अक्षरात आहे: 'बेडरूम, उत्तर भिंतीवर पुस्तकांची फळी बसवली. त्याच दुपारी काढून पूर्वेच्या भिंतीवर बसवली. कारण – उजेड (इं. यांच्या म्हणण्यानुसार).' आणि तीन आठवड्यांनी सत्ताविसावी: 'उत्तर भिंत, जमिनीपासून चार फुटांवर ओल. तळहाताएवढी. कारण –'

कारणापुढे काही नाही. ती जागा कोरीच राहिली.

दोघांचं का फिसकटलं, याचीही सोसायटीत बरीच चर्चा झाली. मारहाण नाही, दारू नाही, तिसरं माणूस नाही. चर्चा करणाऱ्यांची फार पंचाईत व्हायची. कऱ्हाडकडे राहणाऱ्या आईला, इंदुबाईंना, प्रियदर्शिनीने एकदाच सांगितलं, "आई, तो म्हणायचा, होऊन जाईल. मी म्हणायचे, झालं का. नऊ वर्षं आम्ही दोघं एवढंच बोललो."

"आगं पिरे, समदेच नवरं आसलं आस्त्यात."

"असतील. मी एकालाच तपासलं."

नवव्या वर्षी इंद्रजीत पालघरला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. दोन बॅगा आणि मिक्सर घेऊन गेला. मिक्सर गेल्याचीही नोंद आहे. त्या दिवसापासून रजिस्टरमध्ये फक्त 'केले'त सही दिसते. तिने गॅलरीचं दार तासलं, ट्यूब बदलली, मोरीची जाळी बसवली आणि प्रत्येक वेळी एकच सही केली. शेजारचा रकाना मोकळा. आपण केलेलं आपणच तपासलं असं लिहायला तिचा हात वळेना. पाच वर्षांत अशा एकेचाळीस नोंदी झाल्या.

गेल्या वर्षी पालघरच्या कोर्टात संमतीने घटस्फोट झाला. ठरलं असं की फ्लॅट विकायचा आणि निम्मंनिम्मं घ्यायचं. इंद्रजीतला घाई होती, पण ती नेहमीचीच. प्रियदर्शिनीच्या घाईचं नाव होतं इंदुबाई.

इंदुबाईंचे गुडघे गेलेत. सागरदीपला लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. एकदा त्या लेकीकडे राहायला आल्या तेव्हा तीन मजले चढायला त्यांना अर्धा तास लागला आणि पुढचे दोन महिने त्या खाली उतरल्याच नाहीत. सकाळ-संध्याकाळ गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या. शेवटी एक दिवस म्हणाल्या, "म्या काय कबुतर हाय व्हय हितं कठड्यावर बसायला? मला माज्या पायानं दारात उतरून तुळशीला पानी घालायचंय. न्हायतर लेकाकडंच बरी." आणि लेकाकडे परत गेल्या. तिथेही त्या पाहुणीसारख्याच. सुनेला विचारून चहा घ्यायच्या.

तेव्हापासून प्रियदर्शिनी तळमजल्यावरचं घर शोधत होती. ते तिला सफाळ्याला मिळालं. दोन खोल्या, मागे परस, दारासमोर चिकूचं झाड, पायरी एकच. घर दिनानाथ नावाच्या भातशेती करणाऱ्या म्हाताऱ्याचं. त्याने तिला घर दाखवलं, चिकू दिले आणि सांगितलं, "अक्षय्य तृतीयेपत्तूर थांबतां, बाय. त्याच्याम्होरं नाय. दुसरा गिऱ्हाईक दारात हाय."

म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत बोईसरचा फ्लॅट विकायचा, नाहीतर आई कायमची लेकाकडे. हिशोब सरळ होता. सरळ नव्हती ती भिंत.

फ्लॅट दाखवायचं काम मितेश नावाच्या गुजराती एजंटाकडे होतं. तो जिन्यातूनच बोलत यायचा. "आवो आवो, एकदम हवादार! मॅडमनी घर काय ठेवलाय, आरसा!" इंद्रजीत सुट्टी बघून पालघरहून यायचा. त्याने स्वतः उत्तरेच्या भिंतीला जाड पिस्ता रंग फासला होता आणि ओलीवर बरोब्बर बेतून कपाट उभं केलं होतं. पार्टी बेडरूममध्ये आली की तो हात पसरून म्हणायचा, "हे मास्टर बेडरूम. टेन्शन नाही कायचं."

आणि प्रियदर्शिनी शांतपणे कपाट सरकवायची.

"ही ओल. चार फुटांवर. अकरा वर्षं आहे. रंग मागच्या महिन्यातला आहे."

"ओ!" पार्टी म्हणायची. "पण कशामुळे?"

"कारण नोंदवलेलं नाही."

कारण माहीत नाही, असं ती एकदाही म्हणाली नाही. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, हे मात्र इथे ध्यानात ठेवावं.

एवढ्यावर थांबायचं ना! तेही नाही. "संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की कारखान्यांचा वास येतो. आज वारा नाही, म्हणून तुम्हाला कळणार नाही. उद्या सहा वाजता येऊन बघा." उद्या सहा वाजता कोण येणार! अशा अकरा पार्ट्या आल्या नि गेल्या.

मितेश डोकं धरून जिन्यात बसायचा. "मॅडम, तुमी घर विकते की बारावीची परीक्षा घेते? पार्टी हातात आलेली, हातात!"

इंद्रजीत एकदा चांगलाच चिडला. "प्रिया, तू काऊन असं करून राह्यली? एक डाव तोंड बंद ठेवलं तं काय बिघडते तुयं?"

"ठेवते बंद. कपाट तू सरकव."

"मी काऊन सरकवू?"

"तेच विचारतेय मी. काऊन नाही?"

इंद्रजीतने खिडकीबाहेर बघितलं. खाली पाण्याचा टँकर मागे घेत होते, तो त्याने फार लक्ष देऊन पाहिला आणि चहा न घेताच गेला.

अक्षय्य तृतीयेला बावीस दिवस उरले असताना बन्सीकाका आले. एडवणचे बन्सी राऊत. वाडीवाले, पण उभी हयात एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली, मागच्याच साली निवृत्त झालेले. लेक अपेक्षा बोईसरला नोकरीला लागली होती, तिच्यासाठी घर बघत होते. बरोबर पिशवीभर शेवग्याच्या शेंगा. "रिकाम्या हातानं कोनाच्या घरी जाऊ नये," म्हणाले आणि शेंगा ओट्यावर ठेवल्या.

प्रियदर्शिनीने कपाट सरकवलं. बन्सीकाकांनी भिंतीवर हात ठेवला, हाताचा वास घेतला.

"पानी हाय," ते म्हणाले. "नुसता पानी. आमच्याकडं उधानाला घरात मासली येते, पोरी. वलीला मी नाय भीत. ही अकरा वर्सांची, तां तुला कसा ठाव?"

तिने रजिस्टर काढून दिलं.

बन्सीकाका गॅलरीतल्या खुर्चीत बसले आणि पहिल्या पानापासून वाचू लागले. अर्धा तास झाला. चहा झाला. मितेश तीनदा म्हणाला, "काका, बाथरूम पण बघून घ्या." काकांनी पान उलटलं. खारट भाजीपाशी ते खुसखुसले. पुढे गेले, मागे आले, बोट लावून रकाने मोजू लागले.

अपेक्षा म्हणाली, "बाबा, आपण फ्लॅट बघायला आलोय. ऑडिटला नाही."

"थांब गो." काकांनी चष्मा काढला. "बाय, असा रजिष्टर मी माझ्या हाताखालच्या पोरांकडून पस्तीस वर्सांत लिवून घेऊ शकलो नाय. पन ह्ये बघ. अठ्ठावन्नपासून अठ्ठ्यान्नवपत्तूर तपासनाऱ्याचा रकाना कोरा. एकेचाळीस. मी एका सहीवर ष्टोअरातला खिळा नाय सोडला कोनाला. एका सहीवर घर कसा घेऊ?"

"काका, मी सही करते!" मितेशने पेनाचं टोपण दातांनी उघडलंसुद्धा. "एकेचाळीस काय, शंभर करते. आत्ताच्या आत्ता!"

"तू ऱ्हायलास हितं?"

"नाय."

"मंग ठेव तां पेन." काका प्रियदर्शिनीकडे वळले. "हितं ऱ्हायला, हितला ज्याला ठाव, त्यानं तपासायचं. आनि ह्या सत्ताविसाचा कारन लिवायचं. तां झालां की मी घेतलां. घासाघीस नाय करनार."

ते गेल्यावर प्रियदर्शिनी बराच वेळ ओट्याशी शेंगा सोलत राहिली. अकरा पार्ट्या ओलीला घाबरून गेल्या, त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. पण बन्सीकाकांचं बोलणं तिला लागलं, कारण ते बरोबर होतं. तिच्याकडे असं रजिस्टर कुणी आणलं असतं तर तिनेही होल्डवर टाकलं असतं. तपासणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याला बोलावणं तिला तिन्ही मजले पाठीवर आईला घेऊन चढण्याहून जड होतं.

तिसऱ्या दिवशी तिने फोन केला.

"रविवारी येशील? एकेचाळीस नोंदी तपासायच्या आहेत."

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका वाजला. मग इंद्रजीत म्हणाला, "रजिस्टर अजून चालूच आहे?"

"हो."

"चाय देशील?"

"देईन."

त्याच संध्याकाळी तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्यात एक पैज लागली. ती मी शेवटी सांगते.

रविवारी इंद्रजीत दहाला आला. निळ्या चेक्सचा शर्ट. वॉचमनने गेट उघडलं आणि तो शर्टाकडे असा बघत राहिला की गेट बंद करायचं विसरला. मागून भाजीची गाडी आत शिरली.

वर आल्यावर इंद्रजीत सोफ्यावर बसला, पेन काढलं. "दे इकडे. मारून देतो सह्या. दहा मिनिटांचं काम आहे."

प्रियदर्शिनीने रजिस्टर दिलं नाही, हातातच ठेवलं आणि वाचलं, "नोंद अठ्ठावन्न. गॅलरीचं दार खाली घासतं. तासलं."

तो बसून राहिला. तीही उभी राहिली. मग तो उठला, गॅलरीत गेला, दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"घासत नाही."

"सही. तारीख आजची."

एकोणसाठ, मोरीची जाळी: तो उकिडवा बसून बघून आला. साठ, फ्यूज. एकसष्ट, हॉलची ट्यूब. "हे तर पार छताशी आहे. चढली कशी?"

"स्टुलावर."

"स्टूल डुगडुगते ना ते. कोन धरलं?"

"कुणी नाही."

इंद्रजीतने त्या नोंदीवर सही केली, पण जरा वेळाने. नंतर त्याने स्टूलही उलटं करून बघितलं, जे नोंदीत नव्हतं.

हळूहळू त्याला गोडी लागली. नळ सोडून बघणं, कडी ओढून बघणं, टाइलवर बोटाने टकटक करणं. तो प्रॉडक्शनचा माणूस, हाताचं काम त्याला आवडायचंच. अडुसष्टला तो म्हणाला, "हा स्क्रू तू उलटा पिळला." तिने पाहिलं. खरंच उलटा होता. तिने तिथल्या तिथे शब्दावर एक रेघ मारली, सुधारलं, सही केली. तो खूश झाला. "म्हंजे क्यूसीवाले पण चुकतात बाप्पा!"

मग त्र्याहत्तर आली. 'ताप १०२. दोन दिवस. गोळी घेतली. तिसऱ्या दिवशी उतरला.'

इंद्रजीतने ती दोनदा वाचली. "हे कसं तपासू?"

"लागू नाही, असं लिही."

त्याने लिहिलं. 'लागू नाही.' त्याचं टपोरं अक्षर तेवढ्यापुरतं रेघेच्या आत बसलं होतं.

दीड वाजता एकेचाळीस पुऱ्या झाल्या. जेवायची वेळ टळून गेली होती. प्रियदर्शिनीने पानं मागे उलटली आणि रजिस्टर पहिल्यांदाच त्याच्या हातात दिलं. "सत्तावीस."

इंद्रजीत रजिस्टर घेऊन बेडरूममध्ये गेला. ती दारात थांबली. त्याने कपाटाला खांदा लावला आणि ते स्वतः सरकवलं. चांगलं हातभर. पिस्ता रंग फुगून सुटला होता, त्यावर त्याने तळहात ठेवला. ओल आता दोन तळहातांएवढी झाली होती.

"पानी दे जरा."

तिने दिलं. त्याने तांब्या निम्मा केला.

"प्रिया, तुले माहीत होतं?"

"तू लिही."

तो पलंगाच्या कडेवर बसला आणि लिहू लागला. फार नाही, दोनच ओळी, पण सात-आठ मिनिटं लागली. आधी सव्विसाव्या नोंदीतल्या 'उजेड' या शब्दावर त्याने एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला लिहिलं: 'ड्रिल भिंतीतल्या पाइपला लागले. एम-सील लावून बुजवले. नोंद केली नाही. – इं.' तारीख त्या दिवसाची. मग सत्ताविसाव्या नोंदीत, अकरा वर्षं कोऱ्या राहिलेल्या जागेत: 'कारण – नोंद २६ पाहा.'

"तुले कसं कळलं?" तो मान वर न करता म्हणाला.

"एम-सीलचा वास दोन दिवस होता घरात. आणि उजेड म्हणशील तर खिडकी उत्तरेच्या भिंतीच्या बरोबर समोर आहे, सगळ्यात जास्त उजेड तिथेच पडतो."

"मंग अकरा वर्षं बोलली काऊन नाही?"

"भोक मी पाडलं नव्हतं. ज्याने केलं त्याने लिहायचं."

"आन मी लिहिलंच नसतं तं?"

"तर कोरं राहिलं असतं."

इंद्रजीतने रजिस्टर मिटलं. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि तिला क्षणभर वाटलं, रडतो की काय. तो हसत होता. "उजेड!" तो म्हणाला. "मले दुसरं काही सुचलंच नाही ना बाप्पा त्या टायमाले!" मग तीही हसली. तिसऱ्या मजल्यावरून दोघांच्या हसण्याचा एकत्र आवाज पाच वर्षांनी खाली आला. ए विंगच्या दोन खिडक्या लगेच उघडल्या.

तिने चहा ठेवला, शेंगांची आमटी गरम केली. तो जेवला, ताट घासून ठेवलं आणि पालघरच्या गाडीला गेला. यातून काही पुन्हा जुळलं वगैरे नाही. तशी बातमी चार दिवस होती, पण तीही नारळासारखीच.

सोमवारी मंगळ्या प्लंबर भिंत फोडायला आला, तेव्हा तीनशे दोनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी साखर मागायला आलं होतं, कुणी डबा परत करायला, आणि वॉचमन तर पाण्याच्या मोटारीचं काय करायचं, हे विचारायला आला होता, जे त्याने जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. छिन्नी चालली. विटा दिसल्या, मग पाइप, आणि पाइपावर बोटभर करड्या रंगाचा गोळा, त्यावर अंगठ्याचा ठसा जसाच्या तसा.

"नारल नाय," मंगळ्याने जाहीर केलं. "एमसील हाय."

सगळे हिरमुसून गेले. संध्याकाळपर्यंत ए विंगमध्ये नक्की झालं की नारळ तिने आदल्या रात्रीच काढून घेतला.

पाइप बदलला, मंगळ्याने 'केले'त वेडीवाकडी सही केली, प्रियदर्शिनीने 'तपासले'त. नोंद नव्याण्णव. भिंत चैत्राच्या उन्हाने आठ दिवसांत खडखडीत वाळली. बन्सीकाकांनी येऊन हात फिरवला, हाताचा वास घेतला, सव्वीस आणि सत्तावीस वाचल्या. मग म्हणाले, "रेघ चांगली मारलीय पोरानं. खालचा वाचता येते." आणि घासाघीस न करता घर घेतलं. पालघरला नोंदणीच्या कचेरीत दोघा मालकांच्या सह्या झाल्या, बघून आणि त्या दिवशीच्या तारखेने.

अक्षय्य तृतीयेच्या तीन दिवस आधी इंदुबाई सफाळ्याला आल्या. एकुलती एक पायरी चढल्या, लगेच उतरल्या, पुन्हा चढल्या. "जमतंय की गं," म्हणाल्या, आणि कुंडी उतरवायच्या आधीच तुळशीला पाणी घालून मोकळ्या झाल्या.

आता पैज. ती माझी होती. मी दुसऱ्या मजल्यावरची, आणि सोसायटीत मी कशासाठी प्रसिद्ध आहे ते इथे सांगायला नको. फोन झाला त्या संध्याकाळी मी जिन्यात प्रियाताईला म्हटलं, इंद्रजीतकाका एक नोंद बघणार नाहीत, सटासट सह्या ठोकून जातील. आणि काका कसे ठोकतील, ते पेनासकट करून दाखवलं: "दे इकडे, होऊन जाईल ना बाप्पा!"

ताई म्हणाली, "आवाज बरोबर आहे. पण तो बघेल. सगळ्या बघेल. आणि सत्ताविसाचं कारणही लिहील."

"कशावरून?"

"मी त्याला नऊ वर्षं तपासलंय."

ती हरली तर तिची नक्कल मी सगळ्या सोसायटीसमोर करायची आणि तिने पहिल्या खुर्चीत बसून बघायची. मी हरले तर महिनाभर कुणाचीही नक्कल बंद. रविवारी इंद्रजीतकाका गेल्यावर मी वर गेले, एकेचाळीस सह्या मोजल्या, तारखा बघितल्या, सव्विसावरची रेघ बघितली आणि मान खाली घातली. मंगळ्याचं काम झाल्यावर ताईने रजिस्टरमध्ये शंभरावी नोंद केली: 'पैज. नक्कल एक महिना बंद, रविवारपासून.' 'केले'त माझी सही घेतली, 'तपासले'त तिची.

किल्ल्यांबरोबर ते रजिस्टर बन्सीकाकांनी मागून घेतलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं असणार, कारण त्याच आठवड्यातल्या गुरुवारी त्यांनी मला जिन्यात गाठलं. "ही शंभरावी काय हाय गो? कोनाची नक्कल करतां तू? करून दाखव बगू."

समोर साक्षात बन्सीकाका, चष्मा हातात, आणि माझ्या जिभेवर त्यांचा आवाज अगदी तयार. महिना संपायला अजून एकोणीस दिवस होते.